चपलांची तोंडं

७ एप्रिल, मोनिवा

उद्यापासून दहा दिवस मी ध्यानाला बसणार. मी म्हणजे सेन यिन, वय एकसष्ट, मोठ्या बाजारात अडतीस वर्षं उकळलेली शिकेकाई विकणारी. तिंजानचा पाण्याचा सण तोंडावर आहे आणि सण संपला की अख्खं गाव डोक्यावरून जुनं वर्ष धुऊन काढतं, म्हणजे माझ्या धंद्याचे हे सोन्याचे दिवस. नेमक्या याच दिवसांत दुकान शेजारच्या पानवालीच्या हवाली करून मी निघाले आहे. बाजारात सगळ्यांना वाटतं की मला वैराग्य आलं. आलं असेलही, मी नाही म्हटलेलं नाही.

खरं कारण ओन ची. माझी धाकटी बहीण, छप्पन्न वर्षांची. आम्ही दोघीही लग्नाच्या भानगडीत पडलो नाही. एका घरात राहतो, एका चुलीवर शिकेकाई उकळतो आणि आठ महिने एकमेकींशी बोलत नाही. जे काही बोलायचं ते मांजराला सांगतो. ‘वाजी, तुझ्या धाकट्या मावशीला सांग, मीठ संपलंय.’ वाजी शेपूट हलवते आणि निरोप पोचतो.

भांडणाचं मूळ इतकंच, की गेल्या पावसाळ्यात ओन चीच्या उशाखाली मला शाम्पूचं पाकीट सापडलं. दुकानातलं, विकतचं, गुलाबी. शिकेकाईवालीच्या बहिणीच्या उशाखाली. मी ते भर बाजारात दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं आणि म्हटलं, ‘परक्याच्या फेसात डोकं घालायचं असेल तर परक्याच्याच घरी जाऊन राहा.’ चूक तिची होती. मी फक्त बोलले.

आता ती खरंच निघाली आहे. तिच्या ट्रंकेत मला गुलाबी वस्त्रं दिसली, थिलाशिन, म्हणजे मठातल्या साध्वी, नेसतात तसली. दहा दिवस ध्यानाला बसायचं, मग सगाईंगच्या मठात जाऊन मुंडण करायचं आणि कायमचं तिथेच राहायचं, असा बेत आहे. (ट्रंक मी मांजर शोधायला उघडली होती.) ध्यानकेंद्राच्या यादीत तिचं नाव लागलेलं कळताच मीही माझं लावलं. सगळं पुण्य एकटीनेच का मिळवावं?

ती गेली तर घरात मी आणि मांजर. हे इथे लिहून ठेवते, कुणाला सांगायची गरज नाही.

८ एप्रिल

नियम कडक आहेत. आठ शीलं पाळायची. दुपारी बारानंतर घास नाही, गाणं नाही, गादी नाही, तोंडाला रोज लावतो तो थनाखाच्या लाकडाचा लेपसुद्धा नाही. बायकांच्या बाजूची व्यवस्था दॉ खेमा नावाच्या थिलाशिन बघतात. त्यांनी टोपली फिरवून सगळ्यांच्या वह्या, पुस्तकं, फोन गोळा केले. “लिहिणारी बाई ध्यान करत नाही, ध्यान केल्याचं लिहिते,” म्हणाल्या.

मी वही उशीच्या अभ्र्यात शिवून आणली होती आणि पेन्सिलीचा तुकडा अंबाड्यात खोचला होता. माझे केस गुडघ्यापर्यंत येतात, त्यांत फुंकणीसुद्धा लपेल. जेवणानंतर बाकीच्या आंघोळीला जातात तेव्हा मी न्हाणीघरामागच्या दगडावर बसून लिहिते. शीलांच्या यादीत लिहू नका असं कुठेही नाही, तो दॉ खेमांचा स्वतःचा नियम आहे.

मौन आजपासून. नव्या बायका फार गडबडून गेल्या. आम्हा दोघींना काही जड गेलं नाही, आमची आठ महिन्यांची तयारी आहे. चटया मात्र शेजारीशेजारी आल्या. ओन चीचा चेहरा लेपाशिवाय मी किती तरी वर्षांनी पाहिला. तिच्या हनुवटीवर तीळ आहे, हे मी विसरले होते.

पद्धत सोपी आहे. श्वास घेतला की पोट फुगतं, तेव्हा मनात म्हणायचं ‘फुगतंय’. सोडला की ‘बसतंय’. मध्ये काही आलं तर त्याचीही नोंद करायची. खाज आली तर ‘खाज, खाज’, राग आला तर ‘राग, राग’. तासभर बसायचं, तासभर पावलं मोजत चालायचं, पुन्हा बसायचं. यात न जमण्यासारखं काय आहे?

९ एप्रिल

गुडघे. गुडघे. गुडघे.

१० एप्रिल

काहीतरी घडतंय, आणि ते माझ्याच बाबतीत घडतंय.

पहिली गोष्ट, डास. माझी मच्छरदाणी वाजीने नखांनी फाडलेली आहे, हात जाईल एवढं भोक. पहिल्या रात्री डासांनी मला फोडून काढलं. काल झोपताना मी सर्व प्राणिमात्रांसाठी मैत्रीभावना केली, डासांचं नाव घेऊन केली, आणि सकाळी अंगावर एक गांधी नाही. केवळ दोन दिवसांच्या साधनेवर.

दुसरी गोष्ट पेन्सिल. काल लिहिता लिहिता तिचं टोक मोडलं होतं. चाकू इथे मिळत नाही, म्हणून तशीच उशीखाली ठेवली. आज जेवून येऊन बघते तो टोकदार. आवारातल्या पिंपळावर नत, म्हणजे राखणदार आत्मे, राहतात असं ऐकून होते. साधकाची कळकळ पाहून ते मदत करतात, हे आमची आई सांगायची. मी पिंपळाला नमस्कार केला.

ओन चीचं काही खरं दिसत नाही. बोटाला सुई टोचल्यासारखी लाल खूण, नखं काळी. ध्यान सोडून ही काय करत बसते कोण जाणे.

१२ एप्रिल

आज जे झालं ते कसं लिहू?

सकाळच्या दुसऱ्या बैठकीत गुडघे नाहीसे झाले. आधी गुडघे, मग कंबर, मग सगळी मीच. उरलं फक्त फुगणं आणि बसणं. मग आतून उजेड आला. कंदिलाचा नव्हे, उन्हाचाही नव्हे, ताज्या घासलेल्या पितळी भांड्यासारखा. अंगभर काटा, डोळ्यांतून पाणी, आणि असं हलकं वाटलं की चटईला धरून ठेवावं लागलं. मला हसू यायला लागलं. ओठ दाबले तर नाकातून आलं. पलीकडच्या चटईवरच्या एका शिक्षिकाबाईंनी डोळा किलकिला करून बघितलं. मला त्यांचाही मुका घ्यावासा वाटला.

दिवसभर तेच. भात गोड लागला. डाळ गोड लागली. दॉ खेमांची टोपलीसुद्धा सुंदर दिसली. जागृती तर अशी पक्की झालीय की हॉलमधून बाहेर येते, बघावंही लागत नाही, पाय आपसूक चपलांत शिरतात. पूर्वी पायऱ्यांवर वाकून, धडपडून, उलटं वळून चपला घालायचे. आता शरीर स्वतःच सगळं जाणतं.

मला वाटतं मी सोतापन्न झाले. निर्वाणाच्या वाटेवरची पहिली पायरी चढले. आता जास्तीत जास्त सात जन्म, तेही सगळे चांगले. कुत्रामांजर होणे नाही, नरक नाही. शिकेकाई विकतानाही मिळतं म्हणायचं हे. आई असती तर पेढ्यासारखी वाटली असती मला गल्लीत.

ओन चीला सांगावंसं फार वाटलं. ‘सांगावंसं वाटतंय, सांगावंसं वाटतंय’ अशी नोंद केली. दहादा केली तरी ते काही जाईना.

१३ एप्रिल

तिंजान सुरू झाला. भिंतीबाहेर मांडव, कर्णे, पाण्याचे पंप, ट्रकवर नाचणारी पोरं. भिंतीच्या आत आम्ही चाळीस बायका गोगलगायीसारख्या चालतोय.

आज सयाडोंसमोर अनुभव सांगायचा दिवस होता. सयाडो म्हणजे इथले मुख्य भिक्षू, सत्तरी उलटलेले, सुपारीने दात लाल झालेले. चार-चार जणींना एकत्र बोलावतात. मी, ओन ची, शिक्षिकाबाई आणि एक दातांची डॉक्टरीण.

मी सगळं सांगितलं. उजेड, हलकेपण, डास, पिंपळावरचे नत. शेवटी नम्रपणे म्हटलं, “भन्ते, मी स्वतःहून काही नाव देत नाही. पण आपण दिलंत तर नाकारणार नाही.”

सयाडो सुपारी चघळत होते. “आत्ता इथे आलात, चपला कुठे काढल्यात?”

“पायरीशी, भन्ते.”

“तोंडं कुठे होती त्यांची? इकडे का तिकडे?”

“चपलांची?”

“चपलांची.”

मला सांगता येईना. “उजेड आला तर ‘उजेड, उजेड’ म्हणा. आनंद आला तर ‘आनंद, आनंद’. आणि चपला बघून या,” ते म्हणाले. झालं. मी निर्वाणाच्या गोष्टी करतेय आणि हे पायताणाच्या.

मग ओन चीची पाळी. ती म्हणाली, “पोट फुगतं, बसतं, भन्ते. मधे मधे बहीण दिसते. मग ‘बहीण, बहीण’ अशी नोंद करते.”

“जाते?”

“जात नाही, भन्ते. बसूनच असते.”

“बसू द्या,” सयाडो म्हणाले. बिचारी अजून पहिल्याच इयत्तेत आहे. मला तिची खरोखर करुणा आली.

१४ एप्रिल

आज गल्लीतल्या पोरींनी अन्नदान केलं. सणाचे गुळाचे गोळे, तांदळाच्या पिठाचे, आत वितळलेला गूळ, वर ओलं खोबरं. दरवर्षी कुणीतरी वात्रट पोर एखाद्या गोळ्यात गुळाऐवजी हिरवी मिरची भरतं, ती थट्टाच असते सणाची. साधकांच्या पंगतीत तसं करणार नाहीत असं मी धरून चालले.

वाढून झालं. ओन चीने माझ्या वाटीकडे टक लावून पाहिलं आणि सरळ माझी वाटी उचलून आपली माझ्यापुढे सरकवली. माझ्या वाटीत खोबरं जास्त होतं, मी बघितलं होतं. आठ शीलं घेतलेली बाई आणि ही हाव. ‘राग, राग’ म्हटलं आणि क्षमा केली. सोतापन्नाला शोभेल अशी.

खाताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तोंड लाल, नाक लाल, पण तोंडातून शब्द नाही. पाणी प्यायली तीन पेले. तिलाही शेवटी धर्माचा स्पर्श झाला असावा. तिसऱ्या पेल्यानंतर ती उठून गेली ती बराच वेळ आली नाही. माझे गोळे उत्तम होते.

१५ एप्रिल

मी सोतापन्न नाही.

झालं ते असं. सकाळची चालण्याची वेळ, मी भिंतीलगत. ‘उचलते, पुढे नेते, ठेवते.’ इतकी सुरेख चालत होते की मलाच माझा हेवा वाटत होता. पाऊल हवेत असताना भिंतीवरून पंपाचा जाड फवारा आला आणि थेट माझ्या डोक्यावर. अंबाडा सुटला. पेन्सिल कानाला येऊन लटकली.

पुढचं मला स्वतःच्या कानांनी ऐकू आलं. बाजारात वजन मारणाऱ्याला ऐकवते त्या आवाजात मी ओरडत होते. “मेल्यांनो, टक्कल पडेल तुम्हाला. सात पिढ्यांना पडेल. उवा पडतील डोक्यात, आणि त्या उवांनाही धरायला केस मिळणार नाही.” कर्णे बंद झाले. भिंतीपलीकडून एका पोराचा आवाज आला, “अरे थांबवा रे, ही शिकेकाईवाली सेन यिन मावशी.” आणि दुसरा, “माफ करा मावशी, आम्ही भिंतीवर मारत होतो. नववर्षाच्या दिवशी तुमच्याकडूनच घेऊ.”

मागे वळून बघितलं तर एकोणचाळीस बायका एका पायावर थांबलेल्या. ओन ची तोंडावर शालीचं टोक दाबून उभी, खांदे गदागदा हलत होते. माझ्या लाजेने रडत असणार. आठ महिन्यांत माझ्यामुळे म्हणून तिच्या तोंडून काही आवाज निघाला तो तेव्हाच, बारीक, पाणी उकळायला लागतं तसा.

मग अनुभव सांगायला गेले. सगळं सांगितलं, शिव्यांसकट. दातांची डॉक्टरीण हसू आवरायला जमिनीला डोकं टेकवून बसली. नमस्कार करतेय असं दाखवत होती.

सयाडोंनी विचारलं, “राग आलाय हे कधी कळलं?”

मी आठवून पाहिलं. “उवांच्या वेळेला, भन्ते. तिसऱ्या शिवीला.”

“पूर्वी कधी कळायचं?”

“पूर्वी…” आणि मला ते बाजारातलं गुलाबी पाकीट आठवलं. माझी दोन बोटं. ओन चीचं तोंड. “पूर्वी कळायचंच नाही, भन्ते. मी फक्त बोलायचे.”

“मग ही प्रगती आहे,” सयाडो म्हणाले, आणि खरंच तसा चेहरा केला. “उजेड येतो नि जातो. हे घरी नेता येतं. पुढच्या वेळी दुसऱ्या शिवीला कळेल. कधी तरी पहिलीच्या आधी.” मग सुपारीचा डबा उघडत म्हणाले, “चपला?”

मी अजून बघितल्या नव्हत्या.

विचित्र गोष्ट लिहून ठेवते. सगळं गेलं, सोतापन्नपण गेलं, तरी संध्याकाळी बसले तेव्हा मला परत हसू येत होतं. टकल्या उवा. माझ्या तोंडून कुठून आल्या असतील?

१६ एप्रिल

सकाळी चपला काढताना नोंद केली. ‘काढते, काढते. तोंडं हॉलकडे.’ नीट बघितलं, आतल्या बाजूला, डावी जरा तिरकी.

तासाने बाहेर आले. तोंडं बाहेर. दोन्ही सरळ, जोडलेल्या, पाय टाकायला तयार. पाय आपसूक शिरतात, ते याच्यामुळे.

मग दुसऱ्या बैठकीत मी लबाडी केली. घंटा व्हायच्या आधी पोटात दुखतंय अशी खूण करून उठले आणि अनवाणीच पाण्याच्या रांजणांमागे जाऊन उभी राहिले. घंटा झाली. सगळ्यांच्या आधी ओन ची बाहेर आली. पायऱ्यांवर चाळीस जोड. तिने एका हाताने खांब धरला, दुसरा गुडघ्यावर टेकवला (तिचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत, मला तेही ठाऊक होतं आणि विसरलेलं होतं), वाकली, आणि माझ्या चपला फिरवल्या. डावी जरा पुसली. मग आपल्या घालून गेली. बाकीच्या अडतीस जोडांना हात लावला नाही.

मी रांजणामागे किती वेळ होते सांगता येत नाही.

मग खोलीत जाऊन मच्छरदाणी पाहिली. भोक तपकिरी दोऱ्याने शिवलेलं, ओन चीच्या बारीक, घट्ट टाक्यांनी. दोरा तिच्या शालीचा. शालीचा काठ एका बाजूने उसवलेला आहे. पेन्सिल पाहिली. तासलेली नव्हे, दगडावर घासून टोक काढलेलं, न्हाणीघरामागच्या, मी बसते त्याच दगडावर. त्यावर काळे ओरखडे आहेत. सात दिवस मी त्यांच्यावर बसून लिहिते आहे.

आणि ती मिरची.

म्हणजे पिंपळावर कुणी नाही. मी आठ महिने जिच्याशी मांजरामार्फत बोलतेय, ती माझे नत.

आनंद झाला आणि शरम वाटली, दोन्ही एकदम. नोंद कशाची करावी ते कळेना, म्हणून दोन्हींची केली. एकदा हसले, एकदा रडले. दॉ खेमा डोकावल्या आणि तशाच परत गेल्या. त्यांना वाटलं असेल, ही पुन्हा सोतापन्न झाली.

उद्या मौन सुटेल. परवा सगाईंगची बस आहे.

१७ एप्रिल, नवं वर्ष

घरून लिहिते आहे. उघडपणे, टेबलावर.

सकाळी सगळ्यांनी सयाडोंना तीनदा वंदन करून क्षमा मागितली. काया, वाचा, मनाने जे चुकलं त्याची. ‘वाचा’ म्हणताना सयाडोंनी माझ्याकडे बघितलं असा मला दाट संशय आहे. नऊ वाजता मौन सुटलं आणि चाळीस बायकांनी अनवाणीच अंगणात उतरून दहा दिवसांचं एकदम बोलायला सुरुवात केली.

मग फाटक उघडलं आणि गल्लीतल्या पोरी शिकेकाईचे डबे घेऊन आत आल्या. नववर्षाच्या दिवशी धाकट्यांनी मोठ्यांचे केस धुवायचे असतात. डबे माझ्याच दुकानचे. मी वास घेतला, पानवालीने उकळताना झाडाची साल कमी घातलीय, तिच्याशी बोलावं लागेल. दोन पोरी माझ्याकडे आल्या. “मावशी, बसा. त्या दिवशीचं पाणी आमच्या भावाचं होतं, म्हणून तुमचे केस पहिले.”

मी तिच्या हातून डबा घेतला आणि ओन चीकडे गेले. ती विहिरीच्या कट्ट्यावर बसली होती, ट्रंक शेजारी.

“डोकं पुढे कर,” मी म्हटलं.

आठ महिन्यांत मांजरावाचून बोललेले पहिले शब्द. कालपासून मी याहून चांगले तयार केले होते, ते आठवले नाहीत.

ओन चीने डब्याकडे पाहिलं. “आज मोठ्यांचे केस धुवायचे असतात.”

“ठाऊक आहे.”

“मोठी तू आहेस.”

“अडतीस वर्षं मी तेच सगळ्यांना सांगतेय. तू तर सांगू नकोस.”

“आणि धुवून करायचंय काय? उद्या भादरायचेच आहेत.”

“भादरणाऱ्या बाईला तरी स्वच्छ मिळू देत. माझ्या दुकानाची अब्रू जाईल.”

ती हसली नाही, पण वाकली. मी ओतलं. ‘ओतते, ओतते.’ तिचे केस पांढरे झालेत, भांग रुंद झालाय, मानेवर दोन सुरकुत्या. लहानपणी मीच धुवायचे हे केस, ती किंचाळायची, डोळ्यांत जातंय म्हणून. मग तिने माझे धुवायचे. किती वर्षं असं चाललं, आणि मग कधी थांबलं?

“ते पाकीट का ग आणलं होतंस?” मी तिच्या मानेला विचारलं. तोंड दिसत नव्हतं म्हणून विचारता आलं.

ती मग खालूनच म्हणाली, “शिकेकाई एकटीला ओतून घेता येत नाही, ताई. एका हातात डबा, एक हात केसांत, डोळे मिटलेले. अर्धं पाणी पाठीवर. दोन माणसं लागतात. तुला दोनदा म्हटलं, जरा ओत. तू म्हणालीस, गिऱ्हाईक आहे. चार वर्षं गिऱ्हाईकच होतं. पाकिटाचं एका हाताने होतं.”

मी रागाची वाट पाहत थांबले, कारण आमच्याकडे तो नेहमी आधी येतो. तो आला नाही. जे आलं त्याची नोंद केली. ‘लाज. लाज.’

“माझं चुकलं, ओन ची,” मी म्हटलं. “बाजारातलंही. ते जास्त.”

ती नुसतं डोळ्यांत गेलं, डोळ्यांत गेलं, असं म्हणत राहिली. मी आवाज न करता चोळत राहिले.

“आणि ती पेन्सिल काढ अंबाड्यातून,” ती जरा वेळाने म्हणाली. “दहा दिवस सगळ्यांना दिसतेय. दॉ खेमांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, तुमची बहीण काय लिहिते? मी खुणेने सांगितलं, डोक्यावर परिणाम झालाय, लिहू द्या.”

“तू वाचलंस?”

“तुझं अक्षर मला कधी लागलंय?”

हे खरं आहे. तरीही तिच्या खांद्यांचं हलणं मला ओळखीचं वाटलं. पंधरा तारखेचं रडणं ते रडणं नव्हतंच मुळी.

“टकल्या उवा,” ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी कट्ट्यावर फेसाच्या हातांनी एकमेकींना धरून इतक्या हसलो की पोरी डबे घेऊन लांब सरकल्या.

हसू ओसरल्यावर मी विचारलं, “सगाईंगची बस किती वाजता आहे?”

“सकाळी सातला.” तिने केस पिळले. “परवा सयाडोंना सांगितलं मुंडण करायचं आहे म्हणून. ते म्हणाले, रुसून केलेलं मुंडण टिकत नाही, केस परत येतात आणि रुसवाही.”

“मग?”

तिने पंचा डोक्याला गुंडाळला, ट्रंकेचं कुलूप ओढून पाहिलं, आणि माझ्या हातातल्या डब्यात डोकावली. अर्धा डबा उरला होता. मी सवयीने तो विहिरीच्या आळ्यात ओतायला निघाले.

“टाकू नकोस,” ओन ची म्हणाली. “पुढच्या आठवड्याला लागेल.”

मी झाकण लावलं आणि डबा पिशवीत उभा ठेवला, सांडू नये म्हणून. मग तिच्या आधी पायऱ्यांपाशी गेले, तिच्या चपला फिरवून ठेवायला. चाळीस जोड होते. तिच्या कुठल्या, ते मला माहीत नव्हतं.

तिलाच विचारलं. निळ्या पट्ट्याच्या, ती म्हणाली.